ओला सांधा

आमच्या बुलढाण्याच्या घरात वरच्या मजल्यावर कोण गेलं आहे, हे खाली चुलीपाशी बसून कळायचं. वरच्या न्हाणीचा आणि संडासाचा नळ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून छतापासून जमिनीपर्यंत उतरला होता. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, काळा आणि चांगला मांडीएवढा जाड. बाबा अख्खी बादली एकदम ओतायचे, तेव्हा तो धडधडायचा. आई पाणी जपून वापरायची, तिचं पाणी त्यातून हळूच सरसरत उतरायचं. देविदासकाका अंघोळ करताना गायचे आणि त्यांचं गाणं नळातून खाली यायचं, शब्द वगळून नुसतं घुमत. हे घर बाबांनी एका म्हाताऱ्या वकिलाकडून विकत घेतलं होतं. वकिलांना रात्री-अपरात्री खाली उतरायला नको म्हणून वरती संडास हवा होता, आणि त्याचा नळ न्यायला त्यांना स्वयंपाकघराचा कोपरा तेवढा सापडला. ज्यानं जन्मात चूल पेटवली नाही त्यालाच हे सुचू शकतं, असं आई म्हणायची. पण घर आवडायचं तिला. मागचं अंगण, त्यातली कडुलिंबाची सावली, आणि दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत काढलेली वर्षं संपली याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर असायचं.

तो नळ मग फुटला. एकदम नाही. आधी त्याच्यामागची भिंत ओली दिसू लागली, मग चुना पोपडे धरून सुटला, आणि एका उन्हाळ्यात नळाला उभी चीर गेल्याचं काकांनी बोट फिरवून दाखवलं. वास तर आधीपासूनच होता. तुरीच्या सोल्यांची भाजी चुलीवर शिजत असावी, लसणाची फोडणी बसलेली असावी, आणि त्यातून तो वास यावा. आई चिरेत राख-मातीचा गिलावा भरायची, तो चार दिवस टिकायचा. बाबा कोर्टात कारकून होते. घरातल्या कुठल्याही तक्रारीला ते "पुरावा काय?" असं विचारत. वासाचा पुरावा काय देणार? त्यांचं जेवण समोरच्या खोलीत व्हायचं. नाक दाबून भाकरी थापणाऱ्या आम्ही दोघी मायलेकी.

नळ बदलायचं नक्की झालं ते काकांच्या लग्नामुळे. देविदासकाका बाबांचे धाकटे भाऊ. आई लग्न होऊन आली तेव्हा ते शाळेत जाणारं पोर होते, तिच्या हातचं खाऊन वाढले. आता ते शहराच्या पाणीपुरवठ्यात फिटर होते. अंगानं सडपातळ, हात मात्र मोठे, आणि नखांत कायम डांबर. त्यांचं सोनाळ्याच्या एका मुलीशी जमलं होतं. मुलगी पाहून आल्यावर ते तिच्याविषयी काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी नळातून येणारं गाणं नेहमीपेक्षा लांबलं, आणि आई खाली हसत बसली. आईनं हट्टच धरला. "नवी पोरगी पह्यल्या दिवशी चुलीपाशी येईन आन् तिले हा वास येईन. म्या नाई ऐकून घेणार कोणाचं. लग्नाच्या आंधी हे झालं पाह्यजे." काका म्हणाले, "वहिनी, मीच करतो. बाहेरचा माणूस कायले?" प्लॅस्टिकचे पाइप तेव्हा बाजारात नुकते दिसू लागले होते. बाबांना ते खेळण्यासारखे वाटले. बिडाच्या जागी बीडच, असं त्यांनी निकाल दिल्यासारखं सांगितलं, आणि मलकापूरहून नवे नळ आले.

काम सुरू झालं तशी चूल अंगणात आली. स्वयंपाकघरातले डबे, पाटा-वरवंटा, माठ, सगळं आम्ही बाहेर काढलं. काकांनी घणानं जुना नळ फोडला. बीड वाकत नाही, फुटतं. त्याच्या खपल्या अंगणात पडल्या आणि आतून वर्षांची घाण निघाली. आई पदर नाकाला लावून ती टोपल्यानं बाहेर टाकत होती आणि तरीही आनंदात होती. मग नवे नळ एकावर एक चढले. खालच्या नळाचं वरचं तोंड कपासारखं रुंद असतं, त्यात वरच्या नळाचं टोक बसवायचं. मधे जी फट राहते तिच्यात डांबरात भिजवलेली सुतळी ठोकायची, आणि वर वितळलेलं शिसं ओतायचं. शिसं गार झालं की छिन्नीनं ठोकून घट्ट करायचं. हाच सांधा. काका मला हे सगळं समजावून सांगायचे. मला त्यात फार रस होता असं नाही, पण त्यांना सांगायला आवडायचं म्हणून मी ऐकायची. शिसं ओतण्याआधी ते रॉकेलमध्ये बुडवलेली चिंधी पेटवून कपाच्या तोंडाभोवती फिरवत. "ओल चालत नाई ह्याले," ते म्हणाले. "थेंबभर पाणी राह्यलं ना शके, तं शिसं बंदुकीवानी बाहेर उडते. वहिनी, ऐकून राह्यल्या ना? पाणी आणू नका कोणी इकडे." आईनं ऐकलं. तिनं अंगणात धुवायला ठेवलेली भांडीसुद्धा लांब नेली, आणि शेजारचं एक पोर पाणी प्यायला आत शिरलं तर त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

नारळाची गोष्ट निघाली ती सकाळी, चहाच्या वेळी. आई म्हणाली, "घरात लगन आहे, आन् घरातलं जुनं लोखंड फोडून राह्यलो. नव्या नळाले नारळ फोडा लागते." बाबांनी बशी खाली ठेवली. "संडासाच्या नळाले नारळ?" ते म्हणाले. "मंग मोरीले साडीचोळी कर. गटाराची वटी भर." काकाही हसले. त्यांचा स्वभाव कुणाला दुखवायचा नव्हता, पण हसू आलं ते हसले. "पह्यले हे सांगा वहिनी, ह्या नळाचा देव कोनता?" मीही हसले. आईसुद्धा हसली आमच्याबरोबर, पण तिचे कान लाल झाले होते. मग ती कपबशा उचलून गेली, आणि विषय तिथेच राहिला. बाबांची चेष्टा अशीच असायची. वाईट मनानं केलेली नसायची, पण समोरच्याला पुन्हा तोंड उघडावंसं वाटू नये इतकी असायची. आई अशा वेळी वाद घालत नसे. जे करायचं ते ती नंतर, कुणी नसताना करायची. श्रावणातले अर्धे उपास तिनं असेच केले, बाबांना न कळता.

दुपारपर्यंत खालचे सांधे झाले. स्वयंपाकघरात छातीच्या उंचीवरचा एक राहिला होता. काकांनी त्यात सुतळी ठोकली, चिंधी पेटवून तो वाळवला. एकदा वाळवला, आणि मन भरलं नाही म्हणून पुन्हा वाळवला. ते मी पाहिलं. मग शिसं अजून पातळ झालं नाही म्हणून ते अंगणात आले. शेगडीवर लोखंडी कढईत शिसं होतं, पलीकडे चुलीवर माझ्या भाकरी. काका आणि बाबा कडुलिंबाखाली बसून वरातीच्या गाडीबद्दल बोलत होते. सोनाळ्यापर्यंत ट्रक न्यावा की एसटीची गाडी सांगावी, असं काहीतरी. शिशावरची साय काकांनी बाजूला केली, खाली ते आरशासारखं चकाकत होतं. त्यांनी लांब दांड्याची पळी भरली, "सरक वं शके," म्हणाले, आणि आत गेले. मी तव्यावरची भाकरी उलटली.

आवाज मोठा नव्हता. फटकन झाला, आणि पाठोपाठ पळी फरशीवर आपटली. काका ओरडले नाहीत. "दादा," एवढंच म्हणाले, आणि थोडं थांबून पुन्हा, "दादा." बाबा धावले, त्यांच्यामागे मी. काका नळाला पाठ लावून बसले होते, हात चेहऱ्यासमोर उघडे धरलेले, लावू की नको अशा विचारात असल्यासारखे. त्यांच्या गालावर, भुवयांवर शिशाचे चकचकीत ठिपके बसले होते. शिसं फार लवकर गार होतं. बाबांनी धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतलं तर त्याच्यासोबत कातडी आली, आणि बाबांचा हात तिथेच थांबला. आई ओरडत होती. ती काय ओरडत होती ते मला आठवत नाही. आठवतं ते हे, की बाहेर माझी भाकरी जळून काळी झाली होती आणि शेजारची बाई ती तव्यावरून काढायला आली, तेव्हा आमच्या घरात काहीतरी झालंय हे गल्लीला कळलं.

सरकारी दवाखान्यात डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि अकोल्याला न्यायला सांगितलं. बुलढाण्याला रेल्वे नाही. काका एसटीनं गेले, पट्टी बांधलेलं तोंड खिडकीकडे करून, शेजारी बाबा. घाट उतरताना प्रत्येक वळणावर काका विचारत होते, "दादा, राजूर आलं काय?", असं बाबांनी पुढे एकदा सांगितलं. उजवा डोळा तेव्हाच गेला होता. डाव्यानं काही महिने उजेड कळायचा. खिडकी कुठल्या बाजूला आहे, दारात कुणी आलं का, इतपत. आई रोज सकाळी त्यांच्यासमोर उभी राहून विचारायची, "भाऊजी, मी कुठीसा उभी हाय?" आणि काका अंदाजानं बोट दाखवायचे. एक सकाळ अशी आली की त्यांनी बोट दाखवलं त्या बाजूला नुसती भिंत होती. आई पटकन त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हाव, बरोबर." काकांना ते कळलं. आवाज सरकलेला त्यांना कळणार नाही असं तिला कसं वाटलं कोण जाणे.

सोनाळ्याहून मुलीचे वडील आले. चहा घेतला, पिकापाण्याचं बोलले, मुख्य बोलणं त्यांच्या तोंडून निघेना. शेवटी काकाच म्हणाले, "मामा, पोरीचं दुसरीकडे पाहा. मी सांगून राह्यलो, तुमच्यावर बोल येणार नाई." तो म्हातारा पागोटं काढून रडला. ते गेल्यावर काका वर न्हाणीत गेले, चाचपडत. खाली आम्ही कान देऊन बसलो. नळातून पाणी आलं, गाणं आलं नाही. पुढेही कधी आलं नाही. तो राहिलेला सांधा दुसऱ्या कुणीतरी येऊन भरला होता, चूल परत जागेवर आली होती, वास गेला होता. माणसं कशाची सवय करून घेतात याची मला आज शिसारी येते. त्या सांध्यापासून हातभर अंतरावर बसून आम्ही वर्षानुवर्षं भाकरी खाल्ल्या. हे घर पुढे माझ्याकडेच आलं, आणि माझ्या मुलानं अलीकडे तो सगळा नळ काढून पांढरा प्लॅस्टिकचा बसवून घेतला. कामाला आलेल्या माणसानं डबीतलं सोल्युशन लावलं, नळात नळ खुपसला, आणि मोबाइलवर बोलत बोलत दुसरा सांधा घेतला. आग नाही, शिसं नाही. मी पाहत उभी होते. घरातल्यांना वाटलं म्हातारीला जुन्या नळाची माया सुटत नाही.

काकांचे सोबती भेटायला येत. त्यांच्यातला एक जुना मिस्त्री एकदा खाटेजवळ बसून हळूच म्हणाला, "ओला होता काय रे सांधा?" आणि काका म्हणाले, "हाव. वाळवाचा राह्यला." मी पाणी घेऊन दारात उभी होते. मी दोन चिंध्या जळताना पाहिल्या होत्या. मला वाटलं, अपघातानं त्यांची आठवण गेली असेल. मिस्त्रीनं मान हलवली आणि बाहेर जाऊन इतरांना सांगितलं असणार, कारण मग ते सगळीकडे झालं. देविदासनं ओल्यात शिसं ओतलं, नवशिक्यावानी. ज्या माणसाला आपल्या हाताचा अभिमान होता त्याच्याबद्दल हे बोललं गेलं. बाबांनी तर ते बोलणं घरात आणलं. भावावर त्यांचा जीव होता, त्याचे डोळे गेल्याचा त्यांना राग होता, आणि तो राग काढायला त्यांना भाऊच सापडला. काकांनी कशात मत दिलं की बाबा म्हणत, "ओल्यात शिसं ओतणारानं मले शिकवू नये." त्या वर्षापासून आमच्या घरात नारळ येणंही बंद झालं होतं. सणावाराला आई देवापुढे साखर ठेवायची. कुणी विचारलं तर नवस आहे म्हणायची. मला त्यात काही दिसलं नाही.

मला स्थळं येऊ लागली तेव्हाची गोष्ट. लोणारकडचं एक स्थळ होतं. जेवताना काका म्हणाले, पोराची नोकरी पक्की आहे का ते एकदा विचारून घ्या. बाबा चिडले आणि नेहमीचं वाक्य बोलले. आई वाढत होती. तिनं भाजीचं पातेलं जमिनीवर ठेवलं आणि उभ्यानंच बोलली.

"सांधा वाळला होता. भाऊजीनं वाळवला होता. तुमी दोघं बाहेर होते तं म्या नारळ फोडला. नळावर पाणी सोडलं आन् मांगच्या अंगाले कुकू लावलं."

बाबांचा घास हातात राहिला. "पाणी नको म्हणून त्यानं सांगितलं होतं ना तुले?"

"पाण्याचा थेंब म्या तिथे येऊ देला नाई," आई म्हणाली. "नारळाचं पाणी मले पाणी वाटलंच नाई. ते देवाचं वाटलं."

"आंधी काऊन नाई सांगितलं? मले इचारलं काऊन नाई?"

"इचारलं होतं. तुमी हसले."

मी काकांकडे पाहिलं. ते ताटातली भाकरी चाचपून तिचा तुकडा मोडत होते. "वहिनी," ते म्हणाले, "मले त्याच दिवशी मालूम झालं. ते उडलं तवाच जळक्या खोबऱ्याचा वास आला. बसा आता. जेवून घ्या तुमी बी." आणि त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं, भाजी वाढा म्हणून.

बाबांनी ते वाक्य पुन्हा कधी उच्चारलं नाही. संध्याकाळी ते काकांचा हात धरून त्यांना बसस्टँडपर्यंत फिरवून आणू लागले, मरेपर्यंत आणत होते. माफी वगैरे मागितलेली मी ऐकली नाही. आईचं मात्र मोकळं होण्याऐवजी उलटं झालं. इतकी वर्षं तिनं मनात तयारी केली होती ती काकांच्या रागाची. ते शिव्या देतील, ताट भिरकावतील, तिच्या हातचं पाणी घेणार नाहीत. त्यातलं काहीच झालं नाही. तिच्यासाठी त्यांनी आपल्या हुन्नरावर डाग घेतला होता, आणि ती शेजारच्या खोलीत राहून ते बोलणं ऐकत आली होती. ती खंगत गेली. खरं सांगते, मला काकांचा राग यायचा. एकदा तरी ओरडावं त्यांनी तिच्यावर, असं वाटायचं. एकदा मी बोललेही तसं. ते म्हणाले, "म्या तवा सांगितलं असतं तं डोळे आले असते काय माहे? तुही माय तेवढी हिरीत गेली असती." ते खरंच होतं. आमच्या मागच्या गल्लीत विहीर होती आणि आई त्या दिवसांत तिकडे पाणी भरायला मला पाठवायची, स्वतः जायची नाही.

आई गेली ती बाबांच्या नंतर आणि काकांच्या आधी. शेवटी शेवटी तिला बोलता येत नव्हतं, आणि काकांना दिसत नव्हतं. ते तिच्या खाटेशी बसून असत. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि घरात आम्ही दोघंच उरलो तेव्हा माझ्या तोंडून प्रश्न निघून गेला. इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. म्हटलं, "काका, डोळे होते तवाचं सर्वांत शेवटचं काय दिसते तुम्हाले?"

त्यांना आठवावं लागलं नाही. "तुही माय," ते म्हणाले. "मी पळी घेऊन आत आलो तं दारात उभी होती. पदर खोचेल. इतकी खुश म्या तिले कधी पाह्यली नाई. म्या म्हटलं, काय वहिनी? तं हसली. म्हणे, काई नाई. करा आता भाऊजी. आता काईच होत नाई."